खंडाच्या पोटातील हालचाल : परभणीच्या पायाखालचे खडक

प्रास्ताविक



२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हादरली. मांडणीवरची भांडी वाजली, पत्र्याची छपरे खडखडली, माणसे अंगणात धावली. आणि अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा तोच अनुभव आला. दोन्ही वेळी भूकंपाचे केंद्र कळमनुरी तालुक्याच्या परिसरात होते. हा तालुका आज हिंगोली जिल्ह्यात असला, तरी १ मे १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचाच भाग होता.

भूकंप भूपट्टांच्या सीमांवर होतात, असे आपण शाळेत शिकलो. जपान, इंडोनेशिया, हिमालय ही त्याची नेहमीची उदाहरणे. खडकांचे रूपांतरही अशाच ठिकाणी, म्हणजे दोन भूपट्ट एकमेकांवर आदळून पर्वत उभे राहतात तेथे, होते असे पाठ्यपुस्तकात वाचले. हे चूक नाही. पण अपुरे आहे. परभणीपासून हिमालयाचा पायथा सुमारे १२०० किलोमीटर दूर आहे. अरबी समुद्रातील आणि अंदमानकडील भूपट्टसीमा तर त्याहूनही दूर आहेत. सीमेपासून इतक्या अंतरावर, खंडाच्या पोटात, जमीन का वाकते, का तुटते आणि तेथील खडकांचे रूप कसे पालटते, हे समजून घेणे हा या घटकाचा विषय आहे.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. शास्त्रीय विषयावरील गद्य मराठीतून वाचता आणि लिहिता येणे हा आपल्या अभ्यासाचा एक भाग आहेच. परंतु दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातील माणसांनी ‘दख्खनचे पठार स्थिर आहे’ या एका वाक्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासावर घरे बांधली. त्या वाक्यातील ‘स्थिर’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, याचा विचार ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत फारसा कोणी केला नव्हता.

‘स्थिर’ म्हणजे काय?

आपल्या भाषेत भूमीला ‘अचला’ हे नाव आहे. कायद्याच्या भाषेत शेतजमीन ही ‘स्थावर’ मालमत्ता. जे हलत नाही ते स्थावर. भूशास्त्रज्ञ मात्र एखाद्या प्रदेशाला ‘स्थिर’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘न हलणारा’ असे म्हणायचे नसते. ‘हिमालयासारख्या प्रदेशांच्या तुलनेने फार सावकाश हलणारा’ इतकेच म्हणायचे असते. इंग्रजीतून संज्ञा मराठीत आली, पण तिच्या मागची तुलना वाटेतच गळून पडली. सापेक्ष विशेषणाचे निरपेक्ष विशेषण झाले. भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी ही घटना आहे.

मुळात आपले संपूर्ण उपखंडच चालते आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने ईशान्य-उत्तरेकडे सरकत आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाच्या भूखंडाला जाऊन भिडला. हिमालय उभा राहिला, परंतु भूपट्टाची चाल थांबलेली नाही. दक्षिणेला हिंदी महासागराच्या तळाशी नवा समुद्रतळ तयार होत आहे व तो आपल्याला उत्तरेकडे रेटतो आहे. उत्तरेला हिमालयाचा अडसर आहे. दोन्ही बाजूंनी दाबलेल्या वस्तूची जी अवस्था होते तीच मधल्या कठीण कवचाची होते: सगळीकडे ताण भरून राहतो. बैलगाडी चढावर ओढली जात असताना ओढ जोखडाशी असते, पण कुरकुर आसाशीही ऐकू येते. कवच कठीण आणि एकसंध असल्यामुळेच दाब इतक्या दूरपर्यंत पोचतो. ते चिखलासारखे मऊ असते तर सीमेजवळच चेपून दाब संपला असता.

मग हा दाब सगळीकडे सारखा असूनही भूकंप काही विशिष्ट जागीच का होतात? कारण खंड दिसायला एकसंध असले तरी ते अनेक जुन्या तुकड्यांचे सांधलेले ठिगळकाम आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी ते तुकडे एकमेकांना भिडले, काही ठिकाणी फाटून दुरावले, पुन्हा जुळले. प्रत्येक वेळी कवचात भेग राहिली. नर्मदा-सोन खोरे ही अशी एक जुनी दुर्बल रेषा. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप तिच्यावर झाला. चंद्रपूरपासून आंध्रच्या किनाऱ्याकडे जाणारी गोदावरीची खचदरी ही दुसरी. चंद्रपूरचा कोळसा याच खचदरीत साचलेल्या गाळाच्या खडकांत आहे, आणि १३ एप्रिल १९६९ चा भद्राचलमचा भूकंपही याच पट्ट्यातला. जुने दुखणे थंडी पडली की ठणकते, तसे दाब वाढला की या जुन्या भेगा पुन्हा जाग्या होतात. भूशास्त्रात त्याला प्रस्तरभंगाचे पुनरुज्जीवन म्हणतात.

या हालचालीचा वेग मात्र डोळ्यांना, एवढेच नव्हे तर सामान्य उपकरणांनाही कळणार नाही इतका मंद असतो. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीनुसार द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील दोन ठिकाणांमधील अंतर वर्षाला एक-दोन मिलिमीटर इतकेही बदलत नाही. हिमालयात हाच आकडा दहा-वीस पट आहे. येथे एखादा प्रस्तरभंग पुरेसा ताण साठवून मोठ्याने घसरण्यास हजारो वर्षे घेऊ शकतो. माणसाची स्मृती चार-पाच पिढ्यांची. लिखित इतिहास फार तर दोन हजार वर्षांचा. दोन भूकंपांमधील शांततेलाच आपण भूमीचा स्वभाव समजतो.

किल्लारी

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे दगावली. परभणीपासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर. येथेही अनेकांना जाग आली होती.

(‘महत्ता’ आणि ‘तीव्रता’ या संज्ञांत घोटाळा करू नये. भूगर्भात किती ऊर्जा मुक्त झाली याचे माप ती महत्ता. ती एका भूकंपाला एकच असते. एखाद्या ठिकाणी हादरा किती जोराने जाणवला ती तीव्रता. ती गावागणिक वेगळी असते. वृत्तपत्रे दोन्हींसाठी ‘तीव्रता’ हाच शब्द वापरतात. महत्ता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. त्यामुळे २०२४ च्या ४.५ महत्तेच्या भूकंपापेक्षा किल्लारीची ऊर्जा सुमारे साडेतीनशेपट होती. ‘दीड-पावणेदोनच अंकांचा तर फरक’ असे म्हणून चालत नाही.)

भूकंपाची नाभी, म्हणजे भूगर्भातील उगमस्थान, फार खोल नव्हती. प्रस्तरभंगाची एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढली होती. जमीन ताणली गेली तर एक बाजू खाली घसरते. दाबली गेली तरच ती वर चढते. किल्लारीजवळच्या शेतात ज्या ठिकाणी ही भेग भूपृष्ठापर्यंत आली, तेथे जमीन चांगली हात-दीड हात उचलली गेलेली भूशास्त्रज्ञांनी पाहिली. १२०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या हिमालयाशी चाललेल्या रेटारेटीची खूण मराठवाड्याच्या शेतात उमटली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतले. त्यातून वर आलेले खडकाचे दंडगोल हा या साऱ्या विषयातील सर्वांत बोलका पुरावा आहे. पहिले ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्याखाली आठ मीटरचा गाळाच्या खडकाचा पातळ थर. लाव्हा येण्यापूर्वीची ती जमीन. आणि त्याखाली अगदी वेगळ्या जातीचे, स्फटिकमय, पट्टेदार, रूपांतरित खडक.

बेसाल्टचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. हा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरहून अधिक आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की लाव्हा संपतो आणि खालचा ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडा पडतो. या लाव्ह्याच्या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’चा येथे सापळ्याशी संबंध नाही; स्वीडिश भाषेत जिन्याला ‘त्राप्पा’ म्हणतात, आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे डोंगर पाहून तो शब्द भूशास्त्रात आला. जिंतूरच्या डोंगराळ भागात या पायऱ्या आपल्याला रोज दिसतात. तळघरातले खडक मात्र अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. त्या मानाने आपला काळा दगड कालचाच म्हणायचा.

रूपांतर म्हणजे काय?

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात आपण ‘भाषांतर’ आणि ‘रूपांतर’ यांत भेद करतो. परकीय नाटकाचे रूपांतर करताना कथा तीच राहते, पण पात्रांची नावे, वेश, रीतिरिवाज या मातीतले होतात. खडकांच्या बाबतीत ही संज्ञा आश्चर्य वाटावे इतकी चपखल बसते. खडक तापतो, दाबला जातो, पण वितळत नाही. घन अवस्थेतच त्याच्यातील खनिजांचे अणू आपली जुनी बैठक मोडून नव्या परिस्थितीला मानवेल अशी नवी बैठक धरतात. मूलद्रव्ये बहुधा तीच राहतात. खनिजे आणि पोत बदलतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, शेलचा पाटीचा दगड होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट होतो. खडक जर वितळला, तर पुन्हा थंड झाल्यावर जे होते ते रूपांतर नव्हे. तो नवा अग्निजन्य खडक.

रूपांतराला दोन गोष्टी लागतात, उष्णता आणि दाब. तिसरी गोष्ट म्हणजे थोडे पाणी, ते असले की काम वेगाने होते. खंडांच्या अंतर्भागात खोल जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस अंशांनी वाढते, आणि वरच्या खडकाच्या वजनामुळे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २७० किलो भार वाढत जातो. बारा-पंधरा किलोमीटर खाली गेल्यावर तापमान तीनशे अंशांच्या पुढे जाते आणि क्वार्ट्‌झसारखे कठीण खनिजही सावकाश ‘वाहू’ लागते. गुळाच्या ढेपेचे उदाहरण घ्या. हिवाळ्यात ढेपेवर बत्ता मारला तर तिचे तुकडे उडतात. तोच गूळ कढईत कोमट करून हळूहळू ओढला तर त्याची तार निघते. कवचाचा वरचा थंड भाग पहिल्या गुळासारखा आहे, तो तुटतो. म्हणून भूकंप तेथे होतात. खालचा उष्ण भाग दुसऱ्या गुळासारखा, तो वाकतो; म्हणून तेथील खडकांत वळ्या पडतात आणि खनिजे एका दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी मांडली जातात. पट्टिताश्माचे पट्टे ते हेच.

आता किल्लारीच्या विंधनछिद्राकडे पुन्हा वळू. लाव्ह्याच्या तळाशी, भूपृष्ठापासून अवघ्या साडेतीनशे मीटरवर जे रूपांतरित खडक सापडले, त्यांतील खनिजे सहाशे अंशांहून अधिक तापमानाला आणि पंधरा-वीस किलोमीटर खोलीवर घडणारी आहेत. म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा पंधरा-वीस किलोमीटर जाडीचा खडक कधीतरी झिजून, वाहून गेला. एवढे झाल्यावर, सर्वांत शेवटी, लाव्हा त्यांच्यावर पसरला. लाव्ह्याने प्राचीन पर्वताच्या मुळांवर गोधडी घातली. आणि वरून पाहणाऱ्या आपल्याला वाटले की ही सपाट, साधी, शांत जमीन आहे. येथील कवच वर उचलले गेलेले, आतून तडकलेले आणि भेगांमधून पाणी मुरलेले असावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. भेगेत शिरलेले पाणी दोन्ही बाजूंचे घर्षण कमी करते. साठलेला ताण तोच असला तरी घसरण सोपी होते.

पाण्याचे हे काम कोयनेने फार स्पष्टपणे दाखवून दिले. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले, लहान धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. जलाशयाने ताण निर्माण केला नव्हता. आधीच साठलेल्या ताणाला त्याने वाट करून दिली. पुढे कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. तेथे लाव्हा १२४७ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली पुन्हा तेच, ग्रॅनाइट व पट्टिताश्म.

सीमा जुन्या, खडक आजचे

येथे एक प्रामाणिक शंका घेता येईल. किल्लारीचे खोल खडक अडीचशे कोटी वर्षांपूर्वी रूपांतरित झाले तेव्हा तो प्रदेश भूपट्टाची सीमाच नसेल कशावरून? शंका योग्य आहे. खंडाच्या मध्यभागी आज दिसणारे बहुतेक रूपांतरित खडक अशा बुजलेल्या सीमांचेच अवशेष आहेत. रामटेक-मनसरच्या परिसरातील संगमरवर व मँगनीजचे खडक पाहा. समुद्रतळावर साचलेला गाळ दोन प्राचीन भूखंडांच्या मध्ये सापडून चिरडला गेला, तापला, आणि मँगनीजच्या गाळाचे गार्नेटयुक्त खडक झाले. फर्मॉर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने त्या खडकाला तेथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. जगभरच्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आजही आहे. नागपूर-भंडाऱ्याकडचे विद्यार्थी हा घटक वाचत असतील तर त्यांनी त्याची जरूर दखल घ्यावी.

परंतु सीमेपासून खरोखरच दूर, खंड पूर्णपणे जुळलेला असतानाही, खोल रूपांतर घडल्याची उदाहरणे आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मध्य ऑस्ट्रेलियातील आहे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी, कोणत्याही सीमेपासून फार दूर, तेथे पीटरमन नावाची पर्वतरांग उभी राहिली. तीत सुमारे चाळीस किलोमीटर खोलीवर घडलेले रूपांतरित खडक वर आले. आज पर्यटक ज्या उलुरू नावाच्या तांबड्या खडकासमोर छायाचित्रे काढतात, तो त्या पर्वतांच्या झिजेतून साचलेल्या वाळूचा बनलेला आहे.

हे कसे झाले असावे, याचे एक स्पष्टीकरण मला विशेष आवडते, कारण ते आपल्या घरातल्या अनुभवाशी जुळते. ग्रॅनाइटसारख्या खडकांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे अंश असतात. त्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून सतत थोडी थोडी उष्णता निघत असते. ती वर जाऊन वातावरणात मिसळत राहिली तर खडक थंडच राहतो. पण त्याच्यावर गाळाचा काही किलोमीटर जाडीचा थर साचला, तर उष्णता आत कोंडते. आपण कच्च्या आंब्यांची आढी लावतो ती अशीच. बाहेरून विस्तव घालत नाही. गवत आणि पोते आंब्यांचीच ऊब धरून ठेवतात. कवचाची आढी लागली की त्याचा खालचा भाग मऊ होतो, आणि दूरवरून आलेला जो दाब इतकी वर्षे निमूटपणे सहन झाला होता तोच आता सहन होत नाही. कवच तेथे दुमडते. मराठवाड्यातील काही शे मीटर लाव्हा मात्र अशी आढी लावण्यास फार पातळ आहे. आपल्याकडे कोणी नव्या पर्वताची वाट पाहू नये.

तरीही आपल्या बेसाल्टमध्येही, सीमेचा काहीही संबंध नसताना, खडकांचे रूप पालटल्याच्या दोन खुणा जवळच आहेत. पहिली सौम्य आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूंनी पोकळ्या सोडल्या. त्यांतून पुढे ऊन पाणी फिरले, आणि खडकातील खनिजांपासून झिओलाइटचे पांढरे-गुलाबी स्फटिक तयार झाले. विहिरीच्या खोदकामात ते निघतात तेव्हा पोरे खिसे भरून घरी आणतात. रूपांतराची ही सर्वांत खालची पायरी. दुसरी खूण जिंतूरच्या उत्तरेला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे: लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडले. आघाताच्या क्षणी वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट दाब निर्माण झाला, आणि बेसाल्टमधील फेल्डस्पार हे खनिज न वितळताच काचेसारखे झाले. जे काम भूगर्भात कोट्यवधी वर्षे चालते त्याचा हा एका क्षणातला प्रकार. सहलीला लोणारला गेलेल्या माणसांना दैत्यसूदनाचे मंदिर दाखवले जाते, ते दाखवावेच. पण ही काच कोणी दाखवत नाही.

‘गूढ’ आवाज

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि औंढा नागनाथ-कळमनुरीकडील काही गावांत गेली अनेक वर्षे जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. बातम्यांत त्याला हमखास ‘गूढ आवाज’ म्हटले जाते. या विशेषणाने बातमीला रंग चढतो. गावकऱ्याची भीती मात्र वाढते. अगदी उथळ नाभीचा लहान भूकंप झाला की त्याच्या जलद कंपनांच्या लहरी भूपृष्ठावर पोचतात, आणि त्यांतील काही ऊर्जा हवेत ध्वनिरूपाने शिरते. जमीन हलल्याचे जाणवण्यापूर्वी किंवा न जाणवताही आवाज ऐकू येऊ शकतो. आवाज येणे हे नाभी जवळ आणि उथळ असल्याचे लक्षण आहे. त्यात गूढ काही नाही.

दुसरीकडे उन्हाळ्यात काळ्या रानात रुंद भेगा पडल्या की ‘जमीन फाटली’ अशी हाकाटी होते. त्या भेगांचा भूकंपाशी संबंध नाही. काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. पहिल्या पावसात त्या मिटतात. खडकाची भेग मिटत नाही.

लहान धक्क्यांची मालिका मोठ्या भूकंपाची नांदी असते का? किल्लारीला १९९२ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात असे धक्के बसले होते, हे खरे. परंतु अशा बहुसंख्य मालिका काही महिने किंवा वर्षे कुरकुरून थांबतात, हेही तितकेच खरे. कोणती थांबेल आणि कोणती थांबणार नाही, हे आधी सांगण्याची पद्धत आज जगात कोठेही उपलब्ध नाही. म्हणून ‘अमुक रात्री मोठा भूकंप येणार’ असा संदेश भ्रमणध्वनीवर आला तर तो खोटा आहे, एवढे निश्चित समजावे.

स्वयंअध्ययन : आपल्या गावाजवळील एखादी जुनी विहीर, खाण किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी पाहा. खडक काळा, स्फटिक न दिसणारा आहे की चकाकणाऱ्या कणांचा, पट्टेदार आहे, ते लिहून काढा. गावातील वृद्धांना १९९३ ची पहाट आणि नंतरचे हादरे यांविषयी विचारा. त्यांनी वापरलेले शब्द, विशेषतः जमिनीच्या हालचालीची क्रियापदे, जशीच्या तशी टिपा.

पांढरी आणि माळवद

भूकंपाने माणसे मरत नाहीत, घरे पडून मरतात, हे वाक्य आपण ऐकले आहे. किल्लारीला ते कसे खरे ठरले, ते पाहू.

जुन्या गावरचनेत शेताची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. पांढरीची माती लिंपणासाठी आणि माळवदासाठी वापरली जाई. मराठवाड्यातील पारंपरिक घराची भिंत दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड; बाहेरचा थर घडवलेल्या किंवा निवडलेल्या दगडांचा, आतला थर तसाच, आणि मध्ये चिपा-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच, आणि त्यांवर फूट-दीड फूट पांढरी माती. उन्हाळ्यात असे घर गार राहते, हिवाळ्यात उबदार. गळू लागले की दरवर्षी मातीचा नवा हात दिला जाई. म्हणजे ओझे दरवर्षी वाढत जाई. ज्यांनी ही घरे बांधली ते अडाणी नव्हते. ऊन, थंडी, चोर आणि पाऊस या चार शत्रूंचा त्यांनी पुरेपूर विचार केला होता. पाचवा शत्रू त्यांच्या स्मरणातच नव्हता, आणि नकाशातही नव्हता: त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

आडवा हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. मात्र ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून खणाच्या लाकडी खांबांवर होता, तेथे कित्येकदा भिंती बाहेर पडल्या तरी छत उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. एकाच गावात, एकाच गल्लीत, एकाच हादऱ्यात हा फरक पडला.

२००२ मध्ये मानकाचा सुधारित नकाशा आला. त्यातून पहिला विभाग रद्द झाला, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. महाराष्ट्रात कोणतीही जागा ‘शून्य धोक्याची’ आहे असे आता मानक म्हणत नाही. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात नवी गावे वसवण्याबरोबर उभ्या असलेल्या घरांच्या मजबुतीचे कामही झाले, परंतु परभणी, हिंगोली, नांदेडच्या खेड्यांत माळवदाची घरे आजही मोठ्या संख्येने आहेत. अशा घरासाठी करण्याजोगी कामे गवंड्याला समजणारी आणि फार खर्चाची नसलेली आहेत. छतावर वर्षानुवर्षे चढलेली जादा माती उतरवून तिची जाडी कमी करावी, आणि गळती थांबवण्यासाठी नवा मातीचा हात देण्याऐवजी दुसरा उपाय करावा. जाड भिंतीत दर दोन-तीन फुटांवर भोक पाडून आत सळईसह काँक्रीट भरावे. हा आरपार बांध दोन्ही थरांना एकत्र धरतो. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींना वळसा घालणारी एक अखंड पट्टी बसवावी. खांब आणि तुळई यांचा सांधा लोखंडी पट्टीने आवळून घ्यावा. नवे घर बांधताना माती ऐवजी सिमेंटचा दर्जा घेतला, पण जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर पट्टी घेतली नाही, तर दगडी भिंतीचा मूळ दोष कायम राहतो. पलंग, विशेषतः वृद्धांचा आणि मुलांचा, जाड दगडी भिंतीला लावून ठेवू नये. या शेवटच्या कामाला तर काहीच खर्च नाही, ते आज रात्री करता येईल.